आडवं होण्यापुरती जागा

शेजाऱ्यांचं कपाट दारात अडकलं तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते, आणि मोजणी कारकून अकराला येणार होता.

"तिरकं करा," मधला म्हणाला. "वरचा कोपरा आधी आत घ्या."

"साहेब, तुम्ही नुसतं बोट दाखवा," कपाटाच्या पलीकडून धाकट्याचा आवाज आला. "कमरेचं आमचं आम्ही बघतो."

धाकटा त्याला साहेब म्हणायचा ते काही मानाने नव्हे. पण वडील गेल्यापासून जवळजवळ वर्षभर तो त्याला काहीच म्हणत नव्हता. त्या मानाने साहेब ही सुधारणाच होती.

कपाट एकदाचं आत आलं. मधल्याने खिशातून टेप काढली, कपाट आणि सोफा यांच्यामधलं अंतर मोजलं आणि म्हणाला, "अजून सहा इंच पुढे. नाहीतर माणूस मावतो."

हे वाक्य तो कामावर आठवड्यातून दोनदा तरी म्हणत असे. शहराच्या निवारा विभागाचा तो प्रमुख होता. उड्डाणपुलांखाली सिमेंटच्या मोठमोठ्या कुंड्या ठेवतात, त्यांच्यातलं अंतर तो ठरवत असे. दोन कुंड्यांमध्ये बावीस इंच. तेवढ्यात झाडू जातो, कुत्रं जातं, माणूस उभाही राहू शकतो. आडवा होऊ शकत नाही. कुंड्यांत फुलं असतात म्हणून त्या कामाला सुशोभीकरण म्हणतात. माणसाला आडवं होता येऊ नये अशा बेताने जागा भरण्यात त्याच्याइतका जाणकार शहरात दुसरा नव्हता. ही विद्या एक दिवस स्वतःच्या दिवाणखान्यात वापरावी लागेल, एवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि वापरावी लागत होती तीही त्याच्याच कलमामुळे. कलम सात (ग): शहराच्या हद्दीत ज्याचा सख्खा नातेवाईक राहतो, आणि त्या नातेवाइकाच्या घरात अर्जदाराला आडवं होण्यापुरती जागा आहे, तो बेघर नाही, सबब त्याला शहराच्या निवाऱ्यात पलंग देय नाही. अकरा वर्षांपूर्वी एका शनिवारी दुपारी हे कलम त्याने स्वतः लिहिलं होतं. त्या तिमाहीत शहरातल्या बेघरांचा आकडा एकोणीसशे बारावरून सहाशे चाळीसवर आला, एकही वीट न रचता. वरच्या साहेबांनी प्रशस्तिपत्र दिलं. ते दिवाणखान्यात टांगलेलं असे. आज सकाळी बायकोने ते काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथं घातलं होतं.

"का काढलंस?"

"बघून लाज वाटायला नको," ती म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

अर्जदार त्यांचा दादा होता.

हे सगळ्यांना कळून आज तेरा दिवस झाले होते. पुलाखाली राहणाऱ्यांची यादी मधल्याच्या टेबलावर आली, आणि एकोणिसाव्या ओळीत त्याला स्वतःचं आडनाव दिसलं. नातेवाइकांच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी 'नाही' लिहिलं होतं, कारण सात (ग) पुलाखालच्या लहान पोरालाही पाठ होतं. दादाने लिहिलं होतं, 'तीन', आणि पुढे तिघांचे पत्ते, पिनकोडसकट.

वडिलांच्या आजारपणाची नऊ वर्षं दादाने काढली. त्यासाठी बसकंपनीतली नोकरी सोडली, लग्नाचं राहून गेलं, आणि वडील गेल्यावर भाड्याच्या त्या दोन खोल्या मालकाने परत घेतल्या. दादा कुठे जाणार, हे कोणी विचारलं नाही असं नाही. प्रत्येकाने विचारलं, पण फोनवर. ताईला तो म्हणाला, मी धाकट्याकडे आहे. धाकट्याला म्हणाला, मी साहेबाकडे आहे. मधल्याला म्हणाला, ताईकडे, आणि इथे सगळं छान आहे. तिघांनी एकमेकांना एक फोन केला असता तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण वडिलांच्या शेवटच्या आठवड्यात कोण आलं नाही, यावरून तिघांचं बोलणं बंद होतं. उलट दादाला दुसऱ्याने ठेवून घेतलंय, या कल्पनेने प्रत्येकाला थोडा रागच येत होता. ताईला वाटे, धाकटा मोठेपणा मिरवतोय. धाकट्याला वाटे, साहेबांनी पुण्य लाटलं. मधल्याला वाटे, ताई शेवटी ताईच. असे अकरा महिने दादा तीन घरांत राहिला.

"दहा वाजायला आले," धाकटा म्हणाला. त्याने आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून चार लांब बाकं, सहा जुने टायर आणि रस्त्यावरच्या खुणांचे फलक आणले होते. फलक भिंतीला टेकवून तो कौतुकाने बघत उभा राहिला. "हा 'प्रवेश बंद'वाला दारासमोर लावू का?"

"विनोद नको," मधला म्हणाला.

"मी कशाला विनोद करू. घर माझं नाही. माझ्याकडे परवा मोजणी झाली तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी आपापल्या सायकली आणून ठेवल्या. तुमचा तो कारकून एका सायकलीवरून दुसऱ्या सायकलीवर उडी मारत गेला हो, या वयात. लिहिलं त्याने, जागा नाही. ताईकडे तर काही आणावंच लागलं नाही. एका खोलीत सासूबाई, दुसरीत ताई, नवरा आणि शिवणयंत्र. आता राहिलात तुम्ही. तीन खोल्या, दोन माणसं."

"आमची मुलगी आहे."

"ती शिकायला परगावी आहे. तिची खोली रिकामी आहे. तिच्या खोलीत पलंग आहे," धाकटा म्हणाला. "मी नाही म्हणत हो. सात (ग) म्हणतं."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती फिजिओथेरपिस्ट होती. दुसऱ्यांचे गुडघे वाकवून सरळ करायचं काम, त्यामुळे बोलतानाही ती कुठे दुखतंय ते आधी दाबून बघायची.

"एक विचारू? हे सगळं आपण दादांना पलंग मिळावा म्हणून करतोय, की दादा इथे येऊ नयेत म्हणून?"

"पलंग मिळावा म्हणून," दोघे भाऊ एकदम म्हणाले. वर्षभरातलं हे त्यांचं पहिलं एकमत.

"बरं. मग माझं मी सांगते. मला ते नकोत असं नाही. पण ते आले की हे ऑफिसातून रात्री नऊच्या आत यायचे नाहीत. मला माहीत आहे. दादांशी बोलेन मी, औषधं देईन मी, आणि यांना त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही म्हणून हे गॅलरीत उभे राहून जेवतील. त्यापेक्षा टायर आत न्या."

मधल्याने ऐकून घेतलं. तेरा दिवसांपूर्वी तो ऑफिसच्या गाडीने पुलाखाली गेला होता. दादा एका कठड्याला टेकून कालचं वर्तमानपत्र वाचत होता, दाढी केलेली, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. गाडीत दोन इंजिनिअर होते. मधल्याने काच खाली केली नाही. कुंड्या किती लागतील ते त्याने मोजलं, अठ्ठावीस, आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली. मग संध्याकाळी ताईला फोन केला. हे काच वर ठेवल्याचं त्याने कोणाला सांगितलं नव्हतं; बायकोला सांगावं लागलं नाही.

कुंड्या मंगळवारी येणार होत्या. आज रविवार. आज 'जागा नाही' असं लिहून झालं, तर दादाला आजच दुपारी निवाऱ्यातला बारा नंबरचा पलंग मिळणार होता. 'जागा आहे' लिहिलं गेलं, तर त्याचं नाव यादीतून कटणार होतं, आणि मग तो मंगळवारी कुठे जाणार, याच्याशी शहराचा संबंध उरणार नव्हता.

ताई दहा वाजता आली. मुलीच्या खोलीत धाकटा पलंगावर बाक चढवत होता, तिकडे तिने दारातून पाहिलं, चप्पल काढली, आत गेली आणि त्या पलंगावर बसली.

"ताई, ऊठ ना. हे शेवटचं."

"दमले रे. जिना चढून आले."

"मग सोफ्यावर बस."

"सोफ्यावर टायर आहेत."

धाकटा बाकाचं एक टोक हातात धरून उभा राहिला. मधला आत आला.

"ताई, वेळ नाही आता."

"मला एक समजावून सांग," ती म्हणाली. "मी काही शिकलेली नाही तुझ्याएवढी. पलंग त्याला हवाय. अर्ज त्याने केलाय. मग टेप घेऊन माझ्या घरात का आले ते? सासूबाईंचं पांघरूण उचलून बघितलं, खाली कोणी मावतं का."

"नियम तसा आहे."

"नियम तूच ना?"

मधला खिडकीपाशी गेला. खिडकीही बाकाने अर्धी झाकली होती. "पलंग दोनशे दहा होते," तो म्हणाला. "माणसं दोन हजार. कोणाला तरी नाही म्हणावंच लागणार होतं. धडधाकट पोरं आपल्या म्हाताऱ्यांना रिक्षातून आणून निवाऱ्याच्या दारात सोडायची आणि रिक्षा थांबवून ठेवायची, ताई, परत जायला. मी म्हटलं, नातेवाइकांना जरा लाज वाटेल असं काहीतरी लिहू. नाही म्हणायचं, पण घराकडे पाठवल्यासारखं दिसलं पाहिजे."

"पाठवता का तुम्ही घराकडे?"

"म्हणजे?"

"म्हणजे जागा आहे असं लिहून झालं, की ते घर त्याला आत घेतं?"

"त्याला वेगळं कलम लागतं."

"आहे?"

"नाही."

"म्हणजे बाराशे माणसं तू अशीच घराकडे पाठवलीस."

"बाराशे बहात्तर," तो म्हणाला. आकडा चुकीचा गेलेला त्याला चालत नसे.

"मला वाटतं," ताई पलंगावरची चादर हाताने सरळ करत म्हणाली, "माणूस एकटा आला तर एकटाच मोजावा. त्याच्यामागे कोण आहे ते त्याला विचारू नये. ज्याला सांगायचं असेल तो सांगेल. दादाने सांगितलं, आणि बघ काय झालं."

"सांगायला नको होतं त्याने," धाकटा म्हणाला. त्याच्या हातात बाक अजून तसंच होतं. "बाकीच्यांसारखं 'नाही' लिहिलं असतं तर केव्हाच पलंगावर असता. पण नाही. पिनकोडसकट लिहितो. हात दुखले ताई, ठेवू का कुठे?"

"ठेव तुझ्या डोक्यावर," ताई म्हणाली, पण उठली. बाक पलंगावर चढलं. ती स्वयंपाकघरात जाऊन मधल्याच्या बायकोशेजारी उभी राहिली. दोघींचं एरवी फारसं पटत नसे. आज बायकोने तिला न विचारता चहाचा कप दिला, आणि तिने त्यात साखर कमी आहे हे सांगितलं नाही.

अकराला पाच कमी असताना घर तयार झालं. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जायला एका माणसापुरती वाट उरली होती, तीही वळणावळणाची. बसायला कुठेच जागा नव्हती. चौघे चार कोपऱ्यांत उभे राहिले, समूहचित्रासाठी उभे राहावे तसे.

बेल वाजली. कारकून आत आला. बारीक, निवृत्तीला टेकलेला, कानाला पेन. मधल्यानेच त्याला मोजायला शिकवलं होतं. आणि त्याच्यामागून, पायपुसण्यावर पाय दोनदा पुसून, दादा.

मधला हे विसरला होता. 'मोजणी अर्जदारासमक्ष व्हावी' हे सात (ग)चंच पोटकलम होतं. पुढे तक्रारी येऊ नयेत म्हणून त्यानेच घातलेलं. आतापर्यंत दोन घरांच्या मोजण्या झाल्या त्याही दादासमक्षच झाल्या असणार. सायकली, सासूबाई, सगळं. मधल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा फलकांकडे पाहत होता.

"कसा आहेस?" दादा म्हणाला.

"बरा आहे. तू?"

"मस्त." दादाने एकदा सगळीकडे नजर फिरवली. कपाट, बाकं, टायर. त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस पसाऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतो, तेवढंच. "सामान बरंच वाढलंय."

"हो," बायको म्हणाली. "दादा, पाणी देऊ?"

"दे ना."

तो पाणी उभ्यानेच प्यायला. पेला कुठे ठेवावा ते त्याला दिसेना, म्हणून हातातच धरून राहिला. शेवटी ताईने तो घेतला आणि तीही धरून उभी राहिली.

कारकुनाने कामाला सुरुवात केली. मुलीची खोली: पलंग व्यापलेला, जमीन नाही. झोपायची खोली: नाही. दिवाणखाना. टायर चढवताना सोफा सरकून पुन्हा रुंदावलेल्या, कपाट आणि सोफ्याच्या मधल्या फटीत तो टेप टाकून बराच वेळ वाकून राहिला.

"साहेब, रुंदी सव्वीस इंच आहे इथे. लांबी पाच फूट नऊ. संशयास्पद जागा आहे."

"संशयास्पद म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"म्हणजे अंगाने बारीक असेल तर माणूस मावेल, नाहीतर नाही," कारकून समजावून म्हणाला. "अशा वेळी अर्जदाराने स्वतः आडवं होऊन दाखवायचं. ताईसाहेब, मी नाही हो म्हणत, कलमात आहे."

दादाने खांद्यावरची पिशवी काढली, फटीत शिरला, पिशवी डोक्याखाली घेतली आणि कुशीवर आडवा झाला. मग त्याने गुडघे पोटाशी घेतले, एक हात कपाटाकडे, दुसरा छातीशी, आणि अंग असं आखडून घेतलं की उंचापुरा, जवळजवळ सहा फुटांचा माणूस बघता बघता एखाद्या गाठोड्याएवढा झाला.

"पाय सरळ करा, काका," कारकून म्हणाला.

उत्तर आलं नाही.

"काका."

"झोपलाय तो," बायको हळूच म्हणाली. तिला श्वास ओळखता येत असे.

खरंच झोपला होता. एका मिनिटात. चौघे उभे असलेल्या खोलीत, अकरा वाजता, ड्रायव्हिंग स्कूलच्या टायरांशेजारी. कारकुनाने सवयीने टेप उलगडली आणि डोक्यापासून टाचांपर्यंत मोजलं.

"चार फूट एक इंच," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने वर पाहिलं. "साहेब, चार फूट तर... तुमच्याकडे चार फूट सगळीकडेच आहे. गॅलरीत आहे. पलंगाच्या पायथ्याशी आहे. दाराशी आहे."

सगळ्या घराने मिळून सहा फूट नाहीसे करण्यात सकाळ घालवली होती. चार फुटांचा विचार कोणी केला नव्हता.

मधला खाली झोपलेल्या दादाकडे पाहत राहिला. पुलाखाली माणसं अशी झोपतात, हे त्याला अहवालांतून माहीत होतं. अंग चोरून, सामान डोक्याखाली घेऊन. कुंड्या बावीस इंचांवर का ठेवायच्या, ते याच झोपण्यावरून ठरलं होतं. अकरा महिन्यांत शहराने त्याच्या भावाचे दोन फूट कापून घेतले होते. सदऱ्याची मागची शिवण उसवलेली होती, आणि ती त्याने हातानेच, सरळ टाक्यांनी, नीट शिवली होती.

"मी काय लिहू, साहेब?" कारकून म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते. सहा फूट म्हणा, सहा फूट लिहितो. बारा नंबर दोन वाजेपर्यंत राखून ठेवलाय."

धाकट्याने मान हलवली: लिही म्हणा. ताई पेला धरून उभी. बायको त्याच्याकडे पाहत नव्हती. ती दादाच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहत होती.

मधल्याला आतून काहीतरी मोठं, उबदार असं दाटून आलं. असं त्याला फार वर्षांत झालं नव्हतं. शेवटचं बहुधा प्रशस्तिपत्राच्या वेळी.

"जागा आहे," तो म्हणाला. "लिहा. जागा आहे."

"साहेब, नक्की? मग पलंग जातो."

"जाऊ दे. माझा भाऊ आहे तो. इथे राहील."

कारकुनाने लिहिलं, शिक्का मारला, प्रत फाडून दिली, आणि तिथूनच निवाऱ्याला फोन करून बारा नंबर मोकळा केला. ताईने डोळ्यांना पदर लावला. धाकटा नाक ओढत म्हणाला, "साहेब, मानलं," आणि या खेपेला त्यात टोमणा नव्हता. पाच मिनिटं त्या खोलीत चौघांचं एकमेकांवर विलक्षण प्रेम होतं. बायको आतून एक चादर घेऊन आली आणि दादाच्या अंगावर घालायला वाकली. दादा ताडकन उठून बसला.

"आलो, बाबा," तो म्हणाला. मग त्याने डोळे चोळले. "डोळा लागला वाटतं. झालं का मोजून?"

"झालं," मधला म्हणाला. तो फटीच्या तोंडाशी उकिडवा बसला. "दादा, आता तू कुठेही जायचं नाहीस. इथेच राहायचं, आमच्याकडे."

दादाने त्याच्याकडे पाहिलं. मग कारकुनाकडे.

"पलंगाचं काय झालं?"

"तो सोडला, काका," कारकून म्हणाला. "जागा आहे म्हणून आलं ना अहवालात."

"बारा नंबर?"

"हो."

"अच्छा," दादा म्हणाला. तो बराच वेळ पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिला. "मी काल जाऊन बघून आलो होतो. भिंतीकडचा आहे. खाली ट्रंक ठेवायला जागा आहे, तिला कुलूप लागतं. सकाळी सातला सगळ्यांना उठवतात, तोपर्यंत कोणी हाक मारत नाही. तिथल्या बाईंना मी म्हटलं होतं, तिकिटांचा हिशेब करायचो, वाचनालयाची वही लिहीन. त्या म्हणाल्या, या."

"दादा, निवारा तो," धाकटा म्हणाला. "तिथे कशाला? घर आहे की हे."

"घर आहेच. मी कुठे नाही म्हणतो? म्हणून तर लिहिलं तीन." दादा समजूत घालावी तसं बोलत होता, समजूत कायम त्यानेच घालायची, अशी या घरात रीत होती. "पण पलंग मला हवा होता रे. विचारायचंत तरी."

"तू उघड्यावर असा... असा आखडून झोपतोस," मधला म्हणाला. त्याला वाक्य पुरं करता येईना. "आम्हाला बघवलं नाही. पुलाखाली तुझी ही सवय—"

"पुलाखाली?" दादाला क्षणभर कळलं नाही. मग तो थोडा हसला. "पुलाखाली ऐसपैस होतं. ही बाबांच्या खोलीतली सवय. त्यांचा पलंग आणि भिंत यांच्यात एवढीच जागा होती ना. चार फूट. पाय लांब केले की ऑक्सिजनच्या सिलिंडरला लागायचे. नऊ वर्षं. तुम्ही यायचात तेव्हा मी अंथरूण गुंडाळून ठेवायचो, म्हणून तुम्हाला दिसलं नसेल."

कोणी हललं नाही. हलायला जागाही नव्हती.

"मला वाटायचं," दादा म्हणाला, "एकदा असा एक पलंग असावा, की त्याच्यावर मी आहे आणि खाली कोणी नाही. बस. तेवढंच. त्यात तुमचं काही नाही."

ताई कारकुनाकडे वळली. "परत फोन करा ना. चुकून झालं म्हणा."

"दिला गेला, ताईसाहेब. यादीतल्या पुढच्या नंबरला. साहेब बसवतील आणखी एखादा, पण पुढच्या तिमाहीत. आणि आता तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"कोणाला मिळाला?" दादाने विचारलं.

कारकुनाने यादी पाहिली. "वीस नंबर. स्त्री, वय सत्तर."

"हां, ती. तिला हवाच होता. गुडघे गेलेत तिचे." दादाने मान डोलावली. मग त्याने मधल्याच्या हातातली प्रत पाहायला मागितली, चष्मा लावून सगळी वाचली, खाली 'अर्जदारास मान्य' लिहिलं होतं तिथे कारकुनाचं पेन घेऊन सही केली. "म्हणजे आता माझं नाव कुठल्या यादीत?"

"कुठल्याच नाही," कारकून म्हणाला.

"म्हणजे मी बेघर नाही."

"नाही, काका."

"बरं झालं," दादा म्हणाला. त्याने कारकुनाला पेन परत दिलं, फटीतून अंग काढून उभा राहिला आणि पिशवी उचलून छातीशी धरली, कारण ठेवायला कुठे नव्हतं. मग त्याने मधल्याच्या बायकोकडे पाहून, खोली बघायला आलेल्या भाडेकरूच्या अदबीने विचारलं, "किती दिवस राहू?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. मधल्याने हातातल्या प्रतीकडे पाहिलं. लांबी होती, रुंदी होती, मजला, खिडक्या, नातं, सगळ्याचे रकाने होते. दिवसांचा रकाना त्याने ठेवला नव्हता. 'तुला हवे तितके' हे शब्द त्याच्या अगदी ओठांशी आले होते. पण ते आधी बायकोशी बोलून घ्यायला हवेत, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात फार वेळ गेला.

"नाही, असू दे," दादा म्हणाला. "सावकाश सांग. घाई नाही."